नजरेने बेतलेला कोट : कामाच्या नोंदी

४ जानेवारी

हाताखाली शिकायला आलेला पोरगा कोटाची पाठ आखता आखता थांबला. "दादा, मानेपाशी किती वर घ्यायचं?" मी सवयीने म्हटलं, "बघून घे." तो म्हणाला, "बघून म्हणजे नक्की काय बघून?"

प्रश्न रास्त आहे. मीही असाच "बघून घे" ऐकत शिकलो, आणि नेमकं काय बघायचं ते आजवर कुणी लिहून ठेवलेलं पाहिलं नाही. म्हणून हातात आलेला हा कोट नोंदी ठेवत करायचा. वहीत तीन रकाने आखलेत. पहिल्यात नजरेचा अंदाज, तोही टेप गळ्यातून काढण्याआधी लिहायचा. दुसऱ्यात टेपचं माप. तिसरा रकाना ट्रायलपर्यंत कोरा राहील.

काम साधंच आहे: सिंगल ब्रेस्टेड, दोन बटणी कोट, मागे दोन साइड कट (खालच्या कडेपासून वर गेलेल्या चिरा), सोबत पँट. कापड लोकरीचं, मध्यम वजनाचं, करड्या रंगात बारीक रेघेचं. रेघेचं कापड आलं ते बरं झालं. रेघ म्हणजे उभा धागा डोळ्यांसमोर धरल्यासारखं, कापड जरा कुठे कललं की लगेच दिसतं. सगळी मापं इंच आणि सुतात लिहितोय. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

५ जानेवारी

गिऱ्हाईक आलं. टेप बघितला की माणूस श्वास ओढून, छाती काढून उभा राहतो. ते माप त्याच्या अंगाचं नसतं, फोटोतल्या उभं राहण्याचं असतं. म्हणून आधी गप्पा. कापड उलगडून दाखवलं, उजेडात न्यायला लावलं, बटणं निवडायला लावली. तेवढ्या वेळात वही भरली.

मागून बघितलं. शर्टाची कॉलर मानेला मागे टेकलेली नाही, मध्ये बोटभर फट. म्हणजे मान पुढे झुकलेली आणि पाठ वरच्या बाजूला गोल. हात सैल सोडल्यावर दोन्ही तळहातांची मागची बाजू समोर दिसते, म्हणजे खांदे पुढे वळलेले. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. उजव्या हाताने काम करणाऱ्यांत हे बरेचदा दिसतं, पण यांचा अंदाजे अर्धा इंच खाली आहे, नेहमीपेक्षा जास्त. कमरेत मागे चांगली खोल जागा. पोट नावापुरतं.

मग त्यांचा अंगातला तयार कोट बघितला. जुना कोट हा सगळ्यात खरा साक्षीदार, कारण तो रोजच्या उभं राहण्यावर झिजलेला असतो. मागची खालची कड पुढच्यापेक्षा पाऊण इंच वर उचललेली. बटण सोडल्यावर पुढचे दोन पल्ले खाली एकमेकांवर चढतात. साइड कट मिटत नाहीत. तिन्ही खुणा एकच सांगतात: पाठीला लांबी कमी पडते आणि पुढे जास्त आहे. कोट मागे कमी पडला की तो पुढे घसरतो, कॉलर मानेपासून सुटते.

यानंतर टेप. छाती ४०, कंबर ३६, सीट ४१, अर्धी पाठ साडेआठ, मानेच्या मणक्यापासून कंबर साडेसतरा. त्याच मणक्यापासून खांद्यावरून पुढच्या कमरेपर्यंतही माप घेतलं. ही दोन मापं जोडीने घ्यावीत. एकट्याने दोन्ही मुकी असतात, फरक काढला की बोलायला लागतात.

लंडनच्या सॅव्हिल रोवर, म्हणजे मापाचे सूट शिवणाऱ्यांच्या नावाजलेल्या रस्त्यावर, जुने कटर असल्या नोंदी सांकेतिक अक्षरांत लिहीत. 'डीआर' म्हणजे उजवा खांदा उतरलेला, 'एसआरबी' म्हणजे पाठ किंचित गोल. गिऱ्हाईक शेजारी उभं असताना "पाठीला पोक आहे" असं मोठ्याने सांगायचं तरी कसं? आमच्याकडे असलं काही नव्हतं. मला शिकवणारे मास्टर भुवया वर करत, आणि वही लिहिणाऱ्याला ते पुरायचं.

८ जानेवारी

कागदावर आखणी. आजचा दिवस याच्यातच गेला, आणि नोंदींमधला मुख्य भागही हाच.

सुरुवात ४० छातीच्या आपल्या नेहमीच्या फर्म्याने, म्हणजे कापण्याच्या कागदी नमुन्याने केली. फर्मा कशावर उभा असतो? प्रमाणावर. छाती मोजायची आणि बाकीचं तिच्यातून भागाकाराने काढायचं. इंचाच्या खुणा असलेला टेप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेलरांच्या हातात रुळला. त्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाची कागदाची किंवा चामड्याची वेगळी पट्टी असे आणि तिला कातरीने खाचा पाडलेल्या असत. इंच आल्यावर प्रमाणाचे हिशेब बहरले. ते उपयोगी आहेत यात वादच नाही. एका छातीमापावरून कोटाचा सांगाडा काही मिनिटांत उभा राहतो.

पण प्रमाण कुठे दगा देतं ते मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईत बघावं. जुना हिशेब असा की मुंढ्याची खोली छातीच्या पाव हिस्सा. ३६ छातीला ९ इंच, झकास बसतं. ४८ छातीला १२ इंच! माणूस रुंदीने वाढला म्हणून त्याची काख कमरेकडे सरकत नाही. असा खोल मुंढा असलेला कोट घालून हात वर केला की बाहीबरोबर अख्खा कोट वर येतो. लोकांना वाटतं मुंढा खोल म्हणजे मोकळा, आणि असतं बरोबर उलट. काखेजवळ, वर बसलेला मुंढाच हात मोकळा सोडतो. या गृहस्थांना हिशेबाने १० येतात. उंची मध्यम, काख वर आहे हे शर्टावरून दिसत होतं. साडेनऊ धरले.

आता टेप जे सांगूच शकत नाही ते. छाती ४० म्हणजे अर्धी २०. हे २० इंच अंगावर कुठे कुठे पडतात? फर्मा म्हणतो, पाठ ८, मुंढा साडेचार, पुढची छाती साडेसात. या माणसाची पाठ साडेआठ आहे, तेव्हा पुढे सातच उरतात. टेप गोल फिरवून आला तर ताठ छातीच्या पैलवानाचे आणि यांचे ४० सारखेच. दोघांना एकच फर्मा लावला तर एकाची पाठ तटतटेल आणि दुसऱ्याच्या छातीवर पोकळ फुगा राहील. एकूण तेवढंच ठेवून वाटणी बदलायची. नजरेने बेतणं ज्याला म्हणतात त्यातलं निम्मं काम ही वाटणीच आहे. सैलपणासाठी वरून अडीच इंच दिले, त्यातले बरेचसे मुंढ्याखाली.

दुसरं निम्मं काम उंचीची वाटणी. पाठीचा कागद पाठीकडच्या खांद्याच्या हाडाच्या रेषेवर मधून मुंढ्याकडे आडवा कापला, मुंढ्यापाशी जोडलेला ठेवला आणि मध्यरेषेवर उघडला. मानेचा बिंदू वर गेला, खांद्याचं मुंढ्याकडचं टोक जवळजवळ जागेवरच राहिलं. किती उघडायचं? वहीत नजरेचा अंदाज तीन सूत. टेपच्या दोन मापांतला फरक फर्म्याच्या फरकाशी ताडला तर साडेतीन निघाले. तीनच घेतले. ट्रायलला वर चढवायला पाठीच्या खांद्यावर कापड राखून ठेवणार आहेच. पुढच्या कागदात छातीच्या वरच्या बाजूला दोन सुतांची पाचर मिटवली आणि पुढची कड पुन्हा सरळ आखून घेतली.

पोरग्याला कागद कापून दाखवला कारण त्याशिवाय कळत नाही. मास्टर कधी कापत नसत. ते थेट कापडावर खडूने मानेचा बिंदू वर उचलत आणि एका झोकात खांद्याची रेघ ओढत. दोन्हींत गणित एकच, त्यांचं मनगटात मुरलेलं. मात्र नुसता मानेचा बिंदू उचलून खांद्याचा उतार तसाच ठेवणाऱ्यांना मी नजरेने बेतणारे म्हणत नाही. तो अंदाजपंचे कारभार.

९ जानेवारी

उतरलेला खांदा. इथे दोन पंथ आहेत. एक म्हणतो खांद्यात पॅड जास्त भरा आणि दोन्ही बाजू सारख्या करा. दुसरा म्हणतो कापडच खाली कापा. नुसतं पॅड भरलं तर अर्धा इंच जाडीचा ठोकळा होतो, आणि हात लावणाऱ्यालाही कळतो. नुसतं कापड उतरवलं तर कोट अंगाला बसतो, पण वाकडेपणा चारचौघांत उघडा पडतो. मी अर्धा इंच वाटून घेतो: तीन सूत कापडात, उरलेलं एक सूत उजव्या बाजूला कापसाच्या एका पातळ थराने. समोरून बघणाऱ्याला खांदे सारखे वाटले म्हणजे झालं. ते मोजून सारखे असायची गरज नाही.

खांदा उतरवताना मुंढ्याचा तळही तेवढाच खाली न्यावा लागतो. नुसतं वरचं टोक खाली आणलं तर त्या बाजूचा मुंढा लहान होतो, काखेत काचतो, आणि मग सगळा दोष बाहीवर ढकलला जातो.

म्हणजे उजवा आणि डावा भाग आता वेगळे. कागदावर उजव्याची रेघ लाल पेन्सिलीने काढली.

१२ जानेवारी

कापडावर खडू. आधी कापडाला दमट फडक्यावरून इस्त्री देऊन आटवून घेतलं होतं, रात्रभर पसरून ठेवलं होतं.

खडूबद्दल एक. बोथट खडूची रेघ चांगली सूतभर जाड होते. रेघेच्या आत कापलं की बाहेर, यात एका शिवणीवर एक सूत इकडेतिकडे. कोटाच्या आठ-दहा उभ्या कडांवर ते साचलं तर एक मापच बदलून जातं. तीन सुतांसाठी त्या दिवशी एवढा ऊहापोह केला आणि आज जाड रेघेने तो पुसून टाकायचा, हे काही खरं नाही. पोरग्याला खडूची कड ब्लेडने तासून धार काढायला बसवलं. रेघ पापणीच्या केसाएवढी यायला हवी, आणि कातर रेघेच्या बाहेरच्या अंगाने चालायला हवी.

राखीव कापड: पाठीच्या मध्य शिवणीला पाऊण इंच, बगलेच्या शिवणीला एक इंच, पाठीच्या खांद्याला अर्धा इंच, खाली दीड इंच. पुढच्या खांद्याला आणि मुंढ्याच्या गोलाईला काही नाही, कारण तिथे जाड मार्जिन राहिलं तर ट्रायलला कापड खोटं बोलतं.

रेघेने एक पेच टाकला. गोल पाठीसाठी मध्य शिवण वर जरा बाहेर वळवायची असते. साध्या कापडात ती खुशाल वळवावी. इथे शिवण वळली की रेघा मानेकडे एकमेकींना छेदत जातात, आणि मागे बसलेल्या प्रत्येकाला ते दिसतं. म्हणून शिवण जवळजवळ सरळ ठेवली. उरलेली गोलाई खांद्यातून आणि इस्त्रीतून काढायची. पाठीचा खांदा पुढच्यापेक्षा एरवी अर्धा इंच लांब असतो, तो पाच सूत केला. हा जास्तीचा भाग शिवताना पुढच्या खांद्यात मिसळायचा. चुणी दिसता कामा नये.

१४ जानेवारी

इस्त्रीकाम. लोकर वाफ आणि उष्णतेला वळते. दमट करून दाबलं की जिथे हवं तिथे आटते, हवं तिथे ताणली जाते, आणि थंड झाल्यावर तशीच राहते. पाठीच्या मुंढ्याची कड आटवली, पाठीकडच्या खांद्याच्या हाडावर पिशवीसारखी जागा तयार झाली. जास्त पॉलिस्टर असलेल्या कापडात हे होत नाही. तिथे सगळा आकार शिवणी आणि टकांतूनच (शिवून घेतलेल्या निमुळत्या घड्यांतून) काढावा लागतो, आणि रेघेचं कापड असेल तर हात टेकावे लागतात. कुठलं कापड आहे ते कळल्याशिवाय बेतायला बसू नये, ते एवढ्यासाठी.

आतून आकार धरणारा कॅनव्हास लावला. पांढऱ्या दोऱ्याने कच्चा कोट जोडला. बाह्या अजून नाहीत.

१९ जानेवारी

पहिली ट्रायल. अंगावर चढवला आणि गिऱ्हाइकाला पुन्हा बोलतं केलं. आरशापुढे लगेच उभं करत नाही, आरशात माणूस स्वतःला ताठ करतो.

कॉलरची जागा मानेला टेकली, फट नाही. मागची कड जमिनीला समांतर. साइड कट मिटलेले. पल्ले सरळ खाली. तीन सूत पुरले, राखीव कापड वापरावं लागलं नाही. तिसऱ्या रकान्यात टेपच्या साडेतीनपेक्षा नजरेचे तीन बरोबर ठरले. याचं कारण माझ्या मते असं, की टेप लावताना ते जरा जास्त वाकले होते.

उजवीकडे मात्र पाठीवर मानेपासून काखेच्या दिशेने एक तिरकी चुणी. चुणी वाचायची पद्धत: ती कुठून निघते आणि कुठे जाते ते बघायचं. मानेपाशी सुरू होऊन खाली बगलेकडे जाणारी तिरकी चुणी म्हणजे कोटाचा खांदा अंगाच्या खांद्यापेक्षा ताठ आहे, टोकाशी रिकामी जागा आहे आणि कापड तिथे लोंबतंय. कॉलरच्या खाली आडवी वळकटी आली असती तर उलट, खांदा अंगापेक्षा जास्त उतरता. खांद्याची शिवण उसवली, उजवं टोक एक सूत आणखी खाली घेऊन टाचण्या लावल्या. चुणी गेली. बोलता बोलता त्यांनी उजवा खांदा सैल सोडला होता. तो तसा सैल बघायला मिळावा म्हणूनच तर गप्पा.

मग पोरगा पुढे आला. पाठीवर दोन्ही बाजूंना, मुंढ्याजवळ, एक उभी घडी पडत होती. "दादा, हे जास्तीचं कापड टाचून काढू?"

"हात लावू नकोस. साहेब, तुम्ही जरा दोन्ही हात पुढे करा, टेबलावर ठेवल्यासारखे."

हात पुढे गेले, घडी उलगडून सपाट झाली आणि कापड नेमकं ताणाशिवाय बसलं. ती घडी काढली असती तर उभा असताना कोट फोटोसारखा दिसला असता, आणि पहिल्याच दिवशी पाठीची शिवण कुरकुरली असती. लंडनच्या फ्रेडरिक शोल्टे यांनी हेच कापड मुद्दाम राखून एक आख्खी शैली उभी केली. त्यांनी गार्ड्स या ब्रिटिश लष्करी पलटणींच्या अधिकाऱ्यांच्या पट्टा आवळलेल्या ओव्हरकोटांत छातीवर आणि पाठीवर कापड कसं भरून पडतं ते हेरलं आणि ते साध्या कोटात आणलं. ड्यूक ऑफ विंडसर, म्हणजे गादी सोडलेले ब्रिटनचे राजे आठवे एडवर्ड, त्यांचे गिऱ्हाईक होते. कुठली घडी दोष आणि कुठली सोय, हे उभ्या माणसावर ठरवता येत नाही. त्याला हलवावं लागतं.

मुंढ्याच्या पुढच्या बाजूला खडूची एक टिंब-रेघ, काख जिथे कापडाला लागते तिथे. एवढंच कोरायचं, जास्त नाही. कोरलेलं परत येत नाही.

२० जानेवारी

कच्चे टाके काढून सगळे तुकडे पुन्हा सपाट. टाचण्यांच्या खुणा खडूने जोडल्या, उजवा खांदा आणि त्याच मापाने मुंढ्याचा तळ पुन्हा आखला. कागदावरची लाल रेघही सुधारली. हे लगेच केलं नाही तर पुढच्या कोटाला हेच सगळं पुन्हा शोधत बसावं लागतं.

२६ जानेवारी

दुसरी ट्रायल, बाह्यांसकट. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा दोन इंच मोठा ठेवलाय. तो इस्त्रीने आटवून मुंढ्यात बसवला की खांद्याच्या हाडावर भरीव गोलाई येते.

बाहीचं माप म्हणजे लांबी, पण बाही लटकते कशी ते लांबीत नसतं. यांचे हात पुढे लोंबतात. फर्म्याच्या खुणांवर बाही लावली तर मनगटाची पुढची बाजू कापडाला टेकते आणि कोपराच्या मागे तिरक्या चुण्या पडतात. नजरेने पाच सूत पुढे फिरवायची म्हटली होती. बाही हातावर नुसती टाचून, रेघ जमिनीकडे सरळ जाईपर्यंत फिरवली, तेव्हा चार सुतांवर स्थिर झाली. डावी तीन. दोन हात एका माणसाचे असले म्हणून सारखे लोंबतात असं नाही.

गिऱ्हाईक म्हणालं, "उजवा खांदा खाली आहे म्हणून आधी सगळे सांगायचे. आता दिसत नाही." मी म्हटलं, "आहे, पण कोटाला माहीत आहे." ते हसले.

३० जानेवारी

पँट. विशेष काही नाही. सीट सपाट, म्हणून मागच्या भागाची मध्य शिवण जरा उभी केली, नाहीतर मांडीच्या मागे झोल पडतो. कमरेत मागे खोल जागा असल्याने टक दोन. एकाच ट्रायलमध्ये झाली.

६ फेब्रुवारी

काज, अस्तर, शेवटची इस्त्री झाली. कोट आज गेला.

कागदी फर्म्यावर दोन्ही बाजूंच्या अंतिम रेघा शाईने पक्क्या केल्या. पाठीच्या कागदावर मानेजवळ लिहिलं: उघड तीन सूत, खांद्यात मिसळण पाच सूत, कापड रेघेचं. साधं कापड असेल तर मध्य शिवण वळवता येईल आणि खांद्यातली मिसळण चार सुतांवर आणता येईल, हेही खाली लिहिलं. वजनदार हिवाळी कापड घेतलं तर कापडाच्या जाडीसाठी मुंढ्याखाली आणखी दोन सूत सोडायचे.

वहीचे तीन रकाने पोरग्याने स्वच्छ उतरवून घेतले. त्याने चौथा आखलाय, "का" अशा मथळ्याचा, आणि बाहीच्या ओळीत तो अजून रिकामा आहे. पुढच्या कोटाला आखणी त्याने करायची, टेप लावायच्या आधी पहिला रकाना भरून मला दाखवायचा. गिऱ्हाईक ठरलंय: ४४ छाती, पाठ ताठ, मान आखूड. मुंढा पावच्या हिशेबाने ११ येतो. त्याला विचारणार आहे, तू किती धरशील.